पापण्या खाली

ताई: थांब, थांब. सगळ्यांनीच डोळे मिटले?

सर: अख्ख्या सातवीनं, ताई. आणि समोर लॅपटॉप टक्क उघडे.

ताई: आणि मोठ्या बाई मागच्या बाकावर!

सर: चष्मा पुसत होत्या. त्यांना वाटलं, चष्म्यातच काहीतरी गडबड आहे.

ताई: अरे देवा! आजच ठरणार होतं ना, तुला शाळेत ठेवायचं की नाही ते?

सर: मग? हस तू खुशाल. "पापण्या खाली" हा शब्द तुझाच होता. "बंद करा म्हणू नकोस, परत चालू करण्यात तास जातो. लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली घ्यायला सांग, पापणीसारखं."

ताई: पण आधी दाखवायचं ना रे! मी "नळ बंद" म्हटलं की माझी पहिलीची पोरं तोंड मिटतात. पहिल्या दिवशी दोघं उठून खरंच नळ बघायला गेली होती.

सर: हे आज सांगतेयस?

ताई: तू विचारलंस कधी? तुला वाटतं, बारक्या पोरांना शिकवणाऱ्या बाईला कॉम्प्युटरमधलं काय कळणार.

सर: असं नाही गं. आज तासाला एक गेम खेळतोय, एक शेजारच्यालाच मेसेज टाकतोय, माझ्याकडे बघत कोणीच नाही. घाबरलो, आणि बोंबललो, "पापण्या खाली!"

ताई: मग पुढे? "उघडा" म्हणालास?

सर: म्हणालोच नाही. इतकं शांत झालं होतं ना, मला पहिल्यांदाच पंख्याचा आवाज ऐकू आला. म्हटलं, आता राहू देत मिटलेले. सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले. प्रत्येक जण एक कॉम्प्युटर. शेजारच्यानं हात दाबला की मेसेज आला, आपण पुढे दाबायचा. शेवटी पोचला की उलट पाठवायचं, मिळाला म्हणून.

ताई: भारी! आधी ठरवलं होतंस?

सर: कुठलं! तोंडात आलं ते बोलत सुटलो. पण शेवटच्या पोरीनं डोळे मिटूनच बाजूला चाचपलं आणि मोठ्या बाईंचा हात दाबला.

ताई: मेलास.

सर: बाईंचेही डोळे मिटलेले होते, ताई.

ताई: काय सांगतोस! मग उलट आला मेसेज?

सर: तेवढ्यात घंटा झाली. बाई उठून निघून गेल्या. मी आपलं टेबल आवरायला घेतलंय.

ताई: गप. त्याच येतायत. नीट बस.

मोठ्या बाई: बसा, बसा. सरका जरा पहिलीच्या बाई, मलाही बसू द्या. सर, सोमवारी पोरांना आधी झाकण दाखवा, मग शब्द सांगा. आज दोघं भिंतीला टेकून खरंच झोपले होते.

सर: सोमवारी? म्हणजे, बाई, सोमवारी मी असणारेय?

मोठ्या बाई: मघाशी मेसेज माझ्यापर्यंत आला. उलट पाठवायचा राहिला, नाही का? (ताईचा हात धरून दाबतात.)

ताई: आई गं! केवढ्या जोरात दाबला, बाई! ए, बघत काय बसलायस, हात आण इकडे.

सर: ...मिळाला.