बाहेरून लावलेलं ठिगळ

माझं माहेर पेण तालुक्यातलं, धरमतरच्या खाडीकडचं. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, आणि मिठात कपडा किती टिकतो ते काय सांगू तुम्हाला, आधी कडक होतो, मंग पापडासारखा मोडतो. म्हणून आईनं मला रांधायच्या आधी ठिगळ लावायला शिकवलं. ठिगळ आतून. त्याच कपड्याची दुमड उसवून तुकडा काढायचा, म्हणजे रंग तोच येतो, आणि टाका इतका बारीक घालायचा की शेजारी पंगतीला बसलेल्या बाईलासुद्धा कळता कामा नये. आई म्हणायची, गो, फाटलंय ते आपल्या घरात, लोकांना कशाला दाखवायचं.

लग्न होऊन रोह्याला आले. ह्यांचं टेलरिंगचं दुकान, धाटावच्या कंपन्यांचे युनिफॉर्म शिवायचे. ह्यांची मशीन, माझी काजं-बटणं. कामगारांच्या कपड्यांना ॲसिडनं भोकं पडायची, शिफ्ट सुटली की माझ्यापुढं आणून टाकायचे, तेवढं ठिगळाचं काम माझं. आणि युनिफॉर्मचं काम आमच्याकडे यायचं ते सुधाकरभाऊच्या शब्दावर. हा सुधाकरभाऊ कंपन्यांना माणसं पुरवायचा. पैसा झाला, मंग निवडणुकीला उभा राहिला नि पडला. पडला तो पडला, पण पेणचा एक छापखानेवाला त्याला भेटला, तिथून सगळं सुरू झालं.

छापखानेवाल्यानं सांगितलं, साबणाला वेष्टन लागतं तशी माणसाला खूण लागते, लोकांनी डोळे मिटले तरी तुम्ही दिसला पाहिजेत, आणि खूण अस्सल पाहिजे. अस्सल हा शब्द त्या माणसाच्या तोंडात सुपारीसारखा, एका गालातून दुसऱ्या गालात. तर एक दिवस दोघं दुकानात आले. वहिनी, सात शर्ट शिवायचेत, पांढरे, सगळे एकसारखे, आणि सगळ्यांना डाव्या कोपराला ठिगळ पाहिजे.

मी म्हटलं, भाऊ, आधी फाटू तर द्या.

हसले दोघं. मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती हो! मी आपली सवयीनं ठिगळं आतून लावली, तर सातच्या सात शर्ट परत आले. छापखानेवाला म्हणाला, बाई, हे दिसतच नाय, फोटोत कसं येईल? बाहेरून लावा, निळं लावा, मागच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे. कोऱ्या करकरीत शर्टाला निळं ठिगळ. पण लावलं.

मंग पुढची निवडणूक आली, सभा झाली. भाऊनं माईकवर कोपर वर केलं नि म्हणाला, हे ठिगळ माझ्या आईच्या हातचं हाय, मी फाटक्या शर्टात शाळा शिकलो. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे जमिनीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई दुकानात आली, अनसूयाकाकू. तिचा नवरा धरमतरला बार्जवर माल चढवायचा, हमाली. काकू स्टुलावर बसली नि म्हणाली, गो, ते ठिगळ तू लावलंस ना? मी मान हलवली. ती म्हणाली, मी स्वतः दंडाचं लुगडं नेसले. म्हणजे लुगडं मधे फाटलं की तेवढं कापून धड तुकडे जोडतात, तसलं. काकू म्हणाली, पण पोराच्या अंगावर कधी ठिगळ येऊ दिलं नाय, त्याच्या बापानं तंबाखू सोडली, पोराला जूनमध्ये नवा शर्ट घेतला. आता बाजारात बायका विचारतात, काय गो, पोराला फाटक्यात पाठवीत होतीस? माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घालवलं त्यानं. घरी त्याला म्हटलं, खरं सांग लोकांना, तर म्हणतो, आई, धड शर्टात गरिबी दिसत नाय.

पुढच्या सभेत काकू स्वतः माईकजवळ गेली. म्हणाली, हा खोटं बोलतो, मी फाटकं नेसले, ह्याला धड घातलं. मला वाटलं, झालं, आता संपला हा. काय सांगू, लोकांनी टाळ्या वाजवल्या! काय माऊली, म्हणाले. आणि छापखानेवाला हात जोडून पुढं आला, आई, हे तर शर्टापेक्षा अस्सल!

चार दिवसांत दुकानात नवं कोरं लुगडं आलं. भाऊचा निरोप, हे मधे कापा, दंड घाला, जोड ठळक दिसू दे, शेवटच्या सभेला आई हेच नेसून स्टेजवर बसणार. हे म्हणाले, घाल बाई, नायतर युनिफॉर्मचं काम जाईल. मी कात्री घेऊन बसले, हात उचलेना. तेवढ्यात काकू आली. तिनं लुगडं माझ्या मांडीवरनं उचललं, घडी मोडली, सगळं उलगडून बघितलं. म्हणाली, मी नेसेन. पण धड.

आणि नेसली. धड, कोरं, ताठ बसली स्टेजवर, बघा म्हणावं कुठं भोक हाय. भाऊनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मंग माईक धरून काय बोलावं त्यानं? म्हणाला, मायबाप, आज आयुष्यात पहिल्यांदा माझी आई धड लुगडं नेसली, तुमच्यामुळं! अख्खं मैदान रडलं. काकू उठली, पायऱ्या उतरून बायकांत आली, माझा हात धरला नि म्हणाली, चल गो घरी.

तो निवडून आला. आता सफारी घालतो, ठिगळाची गरज संपली. युनिफॉर्मचं काम आमच्याकडनं गेलं, लुगडं कापलं नाय म्हणून. जाऊ दे. कामगारांची भोकं काय संपत नायत, भाकरी चालते.

काकू रोज दुपारी येऊन त्या स्टुलावर बसते. लेकाचं नाव काढत नाय. कोणी फाटका शर्ट आणला की हातात घेते, उलटा करते, दुमडीत कपडा शिल्लक हाय का बघते नि माझ्याकडे देते. म्हणते, आतून लाव गो. बिचारा उद्या चारचौघांत घालणार हाय.