भट्टीवर कोण बोलणार

डोळ्यांतली बाहुली मोठी व्हायचे थेंब घालून नरहरींना नेहरू नगरच्या दवाखान्यात डोळे मिटून बसवलं होतं, म्हणून सगळं काम कानांकडे आलं होतं. शेजारच्या बाकावर कोणी मावशी आणि तिची भाची बोलत होत्या.

"खुशबू, कावून तोंड उतरलं? कोणाचा फोन होता?"

"इंजिनिअरांच्या सेमिनारवाल्यांचा. स्टेजवर सगळे पुरुषच दिसून राहिले म्हणे, मॅडम, तुम्ही या."

"मंग जा नं. मान देऊन राहिले."

"दरसाल देतात, मावशी. मार्चमध्ये महिलांवर बोला, एप्रिलमध्ये बाबासाहेबांवर बोला."

"बाबासाहेबांवर बोलायले काय झालं तुले?"

"बोलते नं, मनापासून बोलते. पण सारी नोकरी मी पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काढली. भट्टीच्या आतल्या अस्तराची वीट कावून फुटते, हे मले कोणीच विचारत नाही."

"तू जाशीन तं तुह्यामागून दुसरी येईन."

"हेच म्हणत म्हणत जात राहिली. थकली आता."

"मंग सांग नं त्याहिले सरळ."

"आत्ताच सांगितलं. म्हटलं, या वेळी भट्टीच्या विटांवर भाषण ठेवा."

"मंग?"

"खुश झाले. सब्जेक्ट एकदम बढिया है मॅडम, म्हणे."

"हे पाय! अन् तू उगाच तोंड पाडून बसली."

"पुढचं ऐक. म्हणे, इस पे बोलने के लिए कोई अच्छा आदमी बताइए ना."

नरहरींचे डोळे चुरचुरत होते, तरी त्यांनी हात वर नेला नाही.

"अन् तू काय म्हटलं?"

"दिलं एकाचं नाव. माह्याच हाताखाली शिकला तो."