हार्ड डिस्कचा तिसरा भाग

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील वरिष्ठ मंडळी, सत्कारमूर्ती काका, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आज निवृत्त होणाऱ्या काकांनी या नकाशा विभागासाठी काय केलं, ते आधीचे वक्ते सांगून गेले. मी फक्त एका संगणकाबद्दल बोलणार आहे. हा, इथे फुलांशेजारी ठेवलाय तो.

नवा संगणक मागितला की वरून नकार ठरलेला. म्हणून काकांनी याच्या हार्ड डिस्कचे तीन भाग केले, प्रत्येकात वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. संगणक सुरू केला की यादी यायची, ज्याने त्याने आपली निवडायची. तिसरा भाग वहिनींचा, म्हणजे काकांच्या पत्नीचा. त्या इथेच नकाशे काढायच्या. काकांना कामापुढे घड्याळ दिसतं थोडंच? म्हणून वहिनींनी आपल्या भागात रोज साडेपाचची घंटी लावली होती. पडद्यावर अक्षरं यायची, 'उठा आता. घरी चला.'

वहिनी गेल्या. घंटी होतच राहिली. पाच वाजता काका तिसरा भाग सुरू करायचे आणि घंटी झाली की पिशवी उचलायचे. आपण सगळे तेवढ्यापुरते कागदांत डोकं घालायचो.

चार महिन्यांपूर्वी मी तो भाग काढून टाकला. जागा कमी पडते, असं मी तेव्हा सांगितलं. आज खोटं कशाला बोलू? मला त्या घंटीची भीती वाटायची.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "भाग काढला तरी आतलं लगेच जात नाही, शहाणे. वर दुसरं काही लिहिलं की जातं. त्या जागेवर कुणी काही लिहायचं नाही."

"मग परत शोधू या ना, काका?"

"आणि नाही सापडलं तर?"

तेव्हापासून काका पाच वाजता त्या दोनच नावांच्या यादीसमोर बसून राहायचे. कुलूप लावायला आलेले शिपाईमामा त्यांना उठवायचे.

काका, आज सकाळी मी तुम्हाला न विचारता पुन्हा हात लावला. सगळी डिस्क तपासली. वहिनींचा भाग जसाच्या तसा सापडला. आत्ता हा संगणक त्यातच सुरू आहे.

ही डिस्क काकांना घरी नेऊ दिल्याबद्दल अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेने नवखी म्हणून पोटात घालावं. केल्याची माफी मात्र मी एकट्या काकांकडे मागते.

पाच एकोणतीस झालेत. काका, तुमची पिशवी खुर्चीखाली ठेवली आहे.