दर्ग्यातली बेडी

चिलीम इकडं द्या आधी. तुमी कवाचे भांडून राहिले ना, येड्याले दर्गा बरा करते का डॉक्टर? मंग ऐका.

अमेरिकेत लढाई लागून विलायतेले आपल्या कापसाची घाई झाली, त्या साली माया धाकटा भाऊ महादू येडा झाला. जेवेना, झोपेना, एकटाच बडबडे. आमी त्याले बाळापूरकडच्या एका पीरबाबाच्या दर्ग्यात बेडी घालून ठेवलं. माणूस बरा झाला की बेडी आपोआप गळून पडते, अशी तिथली श्रद्धा.

दोन महिने झाले, बेडी काही पडेना. शेवटी मी अमरावतीहून डॉक्टर आणला. मले वाटलं, आता हा अन् दर्ग्याची सेवा करणारा मुजावर एकमेकाचा गळा धरतील. पण मुजावरच म्हणे, "साहेब, झोपेचं औषध द्या. मी बाबाच्या पाण्यात कालवून पाजतो. माया हातून तो घेते."

डॉक्टर हो म्हणाला. मंग महादूच्या पायाले घासून झालेली जखम पाहाले त्यानं बेडी धरली, तर ती उघडून त्याच्या हातातच आली!

मी वरडलो, "बाबा पावला रे!"

महादू शांतपणे म्हणे, "दादा, कावून बोंबलून राहिला? ती तर तिसऱ्याच दिवशी उघडली. मीच रोज अडकवतो."

"अन् घरी कावून नाही आला?"

"इथं मुजावरचाचा रोज माया बायकोचं विचारते. तिची राख सावडून आलो, त्याच दिवशी तू तं मले कापूस वेचाले नेलं."