खवट दाण्यांचा नवस

...अहो, नवस मी केला, फेडतही मीच होते, मग बोलणी मीच का खायची, सांगा ना! तुम्हाला सांगते, आमचे हे काविळीने पिवळेधमक होऊन पडले होते, तेव्हा मी देवापुढे पदर पसरला. म्हटलं, देवा, यांचं लिव्हर सांभाळ, या घरात मी अन्नाचा कण टाकणार नाही! आणि उतरली हो कावीळ. भूक परत आली, कुरकुर परत आली... म्हणजे माणूस ठणठणीत! विषाणू मात्र राहिला. हिपॅटायटिस बी, रक्तात कायमचा मुक्काम, रोजची गोळी, ठरलेली तपासणी. देवाला मी बोल लावला नाही हं. विषाणूचं नाव मलाच ठाऊक नव्हतं, त्याला कुठून सांगणार?

तेव्हापासून कण टाकला नाही. पावाची कड हिरवी झाली? कड कापायची, उरलेला पाव पोटात. आणि दाण्यांचा डबा! मोरीशेजारच्या कपाटात असायचा तो, तिथे बारा महिने ओल. तळाशी सुरकुतलेले, काळपट, खवट दाणे निघायचे. ते मी निगुतीने वेचायची, भाजायची आणि वाटीत घालून यांच्यापुढे ठेवायची. यांच्यापुढेच का? अहो, पाहुण्यांना खवट कसे देणार? आणि हे कशालाच नाही म्हणत नाहीत! नवस तो नवस, नाही का?

परवा तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाणंपिणं कसं आहे?" मी ताठ मानेने म्हटलं, "आमच्याकडे काही म्हणजे काही वाया जात नाही. खवट दाणेसुद्धा हे संपवतात!" बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

"अहो ताई, ओल धरलेल्या दाण्यांवर, मक्यावर एक बुरशी येते, ती विष सोडते. अफ्लाटॉक्सिन. ते जातं लिव्हरला. यांच्या लिव्हरमध्ये विषाणू आधीच बसलाय. दोघं एकत्र आले की कर्करोगाचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो!"

"मी भाजते हो..."

"बुरशी मरते. विष पुरतं जात नाही."

"धुऊन घेतले तर?"

"नाही."

"मग कोंबड्यांना घालू?"

"कोंबड्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

घरी येईपर्यंत मी एकच घोकत होते. ज्या लिव्हरसाठी नवस केला, त्याच लिव्हरला मी विष वाढत होते... आणि तेही हौसेने, भाजून!

आल्या आल्या डबा ओढला, कचऱ्याची पिशवी उघडली. तर सासूबाई दारात आडव्या! "कण टाकणार नाहीस म्हणाली होतीस ना? नवस तो नवस! आम्ही जन्मभर असलेच दाणे खाल्ले, काय झालं आम्हाला?"

मी एवढंच विचारलं, "मामंजी कशाने गेले हो?"

पोटात पाणी होऊन गेले होते मामंजी. लिव्हर. यांच्याच वयाचे असताना. सासूबाईंनी पिशवीचं तोंड स्वतः धरलं. म्हणाल्या, "ओत. पण हळू, सांडतील." जसे काही सांडलेले परत भरायचे होते!

मग मी गेले देवापुढे. हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले. म्हटलं, देवा, आपलं ठरलं होतं लिव्हरचं, डब्याचं नाही! हा घे, मोडला नवस. रागवायचं तर माझ्यावर रागव, यांच्या लिव्हरला हात लावायचा नाही, सांगून ठेवते! आणि हा नवा घे: बुरशीचं, खवट, सुरकुतलेलं या घरात कुणाच्याच ताटात पडणार नाही. दिवा फडफडला, पण विझला नाही. मी होकार समजले. नवस तो नवस!

आता डबा वर, कोरड्या फळीवर. दाणे थोडेच आणते, ताजे, एकेक पारखून. यांचा या खेपेचा रिपोर्ट बरा आहे, पुढचाही बराच येणार, मी देवाला सांगूनच ठेवलंय. आणि काल मोठ्या प्रेमाने ताज्या दाण्यांची वाटी यांच्या हातात दिली, तर चार चावून म्हणतात कसे, "पहिल्यासारखी चव नाही गं!"

तुम्ही तरी माझं ऐका. आज घरी गेलात की आधी डबा उघडा, तळापर्यंत हात घाला आणि माझ्यासारखाच नवा नवस करा. टाकताना हात मागे आला, तर देवाला बेलाशक माझं नाव सांगा. माझ्या खात्यावर एक मोडलेला नवस आहेच, त्यात तुमचाही जाईल खपून!