चुकलेल्या उत्तराची वकिली

आम्ही मूळचे तुमसरकडचे, म्हणजे आजोबा तिकडचे, ते रेल्वेत लागले, रायपूरले आले अन् मंग कोणी परत गेलंच नाही, बाबाही रेल्वेतच, त्यामुळं मी जन्मापासून इथलीच. घरी आई मराठीत बोलते, मी अर्धं मराठी अर्धं हिंदी, अन् भावाले तं सगळं समजते पण उत्तर हिंदीतच देतो, मघाशी पाह्यलंच तुम्ही. आता मी भनपुरीतल्या एका शाळेत नववीले गणित शिकवते, वर्गात बेचाळीस पोट्टे-पोट्टी, कोणाचे बाबा ट्रक चालवतात, कोणाची आई कारखान्यात पॅकिंगले जाते. तुम्ही ऑलिम्पियाडचं विचारून राहिले ना, तं तेच सांगते, पण मी फास्ट बोलते ताई, मधात थांबवत जा मले.

अकरावीत होती तेव्हा कोणीतरी सांगितलं का गणिताची अशी एक परीक्षा असते जिथं सूत्रं पाठ असून काहीच फायदा नाही. म्हटलं ही काय भानगड आहे, पाहू तं खरं. बसली, पहिली पास झाली, दुसरी कशीतरी झाली, अन् कॅम्पले बोलावणं आलं. बाबा सोबत आले, गाडीत रस्ताभर विचारत होते का बेटा याचं पुढं काय होते, नोकरीले कामी येते का, मी म्हटलं माहीत नाही बाबा, अन् खरंच माहीत नव्हतं, मले फक्त पाहाचं होतं तिथं काय असते ते. तं तिथं काय सांगू तुम्हाले, साडेचार तास अन् गणितं फक्त तीन. माझी तिन्ही चुकली.

संध्याकाळी एका सरांनी मले बोलावलं. ते देशाच्या सहा जणांच्या टीमसोबत परदेशातल्या ऑलिम्पियाडले जाऊन आले होते. ते म्हणे, तिकडं मुलाईचा पेपर त्याईच्याच देशाचे सर लोक आधी वाचतात, अन् मंग परीक्षकांसमोर टेबलावर बसून एक-एक मार्कासाठी भांडतात, का पाहा हो, या पोरीनं इथपर्यंत बरोबर विचार केला होता, याचं काही देणार का नाही. मले तं हे ऐकूनच गंमत वाटली, म्हणजे मास्तर पोट्ट्याचा वकील. मंग त्याईनं माझं चुकलेलं गणित पहिल्या ओळीपासून वाचलं, बोट ठेवलं एका जागी, म्हणे इथपर्यंत तू बरोबर आली, इथून वळण चुकलं, सातपैकी दोन. पुढं माझं सिलेक्शन झालं नाही, पण माझं चुकलेलं उत्तर कोणी पूर्ण वाचलं ना ताई, ते आयुष्यात पहिल्यांदा. शाळेत तं नुसती लाल फुली.

म्हणून शिक्षिका झाल्यावर मी शनिवारचे शेवटचे दोन तास मागून घेतले, जुने ऑलिम्पियाडचे प्रश्न, अन् सगळ्या वर्गाले, कोणी हुशार नाही कोणी ढ नाही. अन् नियम असा का आपल्या पेपरसाठी आपण बोलाचं नाही, चिठ्ठी काढून दुसऱ्याचा पेपर घ्याचा, वाचाचा, अन् त्याच्यासाठी माझ्याशी भांडाचं. सुरुवातीले जाम हसलो आम्ही. एक पोट्टा म्हणे, मॅडम, इसकी राइटिंग अच्छी है. दुसरी म्हणे, याच्या घरी पाहुणे आले होते. मी म्हटलं पाहुणे पेपरात कुठं दिसून राहिले, दाखव.

तं आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे प्राचार्य, त्याईनं एक दिवस बोलावलं. वाईट नाहीत त्या, पण त्याईचं म्हणणं का सहा पोट्टे निवडा, त्याईलेच चांगली तयारी करून द्या, बाकीच्याईचा अभ्यासक्रम मागं पडून राहिला. ज्याले पोहता येते त्यालेच स्पर्धेत उतरवतात ना, म्हणे. त्या म्हणे शनिवारी मी वर्गात येऊन बसते, तवर यादी करून ठेवा. अन् मी केली यादी. मागच्या टेस्टच्या मार्कांवरून सहा नावं, म्हणजे बाकीच्या छत्तीस जणांचा शनिवार संपला.

त्या टेस्टमध्ये प्रश्न असा होता का एक चौरस कापून लहान-मोठे चौरसच बनवाचे, काही उरलं नाही पाहिजे, तं किती-किती तुकडे होऊ शकतात. हेमिन नावाची पोट्टी आहे, तोंडातून शब्द काढत नाही, तिनं लिहिलं चार, सात, दहा, तेरा, असं तीन-तीननं पुढं, बाकी होतच नाही. आता सहा तं होतात, एक मोठा अन् बाजूनं पाच लहान. म्हणून मी शून्य दिलं. शनिवारी तिचा पेपर आला तुलसीकडं, जी नळावर पाण्यासाठी भांडते तशीच वर्गातही भांडते. मोठ्या मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या, अन् तुलसी उभी राहून म्हणते, मॅडम, आपने तो सिर्फ लास्ट लाइन पढ़ी है.

मी म्हटलं कसं काय. ती फळ्यापाशी आली. म्हणे हेमिननं लिहिलं का कोणताही तुकडा चारात कापा, एक जाते चार येतात, म्हणजे तीन वाढतात, अन् हे कधीच चुकत नाही. पायरी बरोबर आहे मॅडम, बिचारी फक्त चारापासूनच चढली. सहापासून चढा, नऊ, बारा. आठ बनवा, एक मोठा अन् सात लहान, तिथून अकरा, चौदा. अन् सातवाले तं तिचेच. मंग सहाच्या वर कोणता आकडा राहिला, सांगा.

ताई, कोणताच नव्हता राहिला. अन् मी ते गणित एकेका आकड्याची वेगळी आकृती काढून शिकवणार होती, ही युक्ती मलेच सुचली नव्हती. मनात आलं म्हणावं का नंतर पाहू, मोठ्या मॅडम बसून आहेत. पण मंग तुलसीच्या तोंडाकडं पाह्यलं अन् सगळ्याईसमोर म्हटलं का मी शेवटची ओळच वाचली, चूक माझी, अन् शून्य खोडून सातपैकी पाच लिहिले. हेमिननं ओढणीत तोंड लपवलं.

तास संपल्यावर मोठ्या मॅडमनी यादी मागितली, वाचली, म्हणे या पोट्टीचं नाव कुठं आहे. मी म्हटलं नाही आहे. त्याईनं यादी परत एकदा वरून खाली वाचली. मंग म्हणे, असे अजून किती शून्य दिले असतील तुम्ही. मी म्हटलं माहीत नाही मॅडम. त्याईनं यादी मले परत दिली, म्हणे या वर्षी राहू द्या सगळ्याईले, पण रिझल्ट पडला तं मी ऐकणार नाही.

आता खरं सांगू, यंदा बेचाळीसच्या बेचाळीस बसले अन् पहिल्या परीक्षेच्या पुढं एकही गेला नाही. हेमिनही नाही, तुलसीही नाही. पण विज्ञानवाले सर येऊन म्हणे, मॅडम, आवरा तुमच्या वकिलांना, एक-एक उत्तर दोन-दोनदा वाचावं लागून राहिलं मले. अन् मंग हळूच विचारते हा माणूस, विज्ञानाचे असे जुने प्रश्न असतात का हो. मी म्हटलं हव सर, असतात ना. त्याच दिवशी सगळे मोबाइलवर पाठवले.

देशाले मेडल भेटो, मी काहून नाही म्हणू. पण मेडल सहा जण आणतात अन् गणित सगळ्याईले लागते. पुढच्या शनिवारी मोठ्या मॅडमनी परत बोलावलं आहे, तास ठेवतील का बंद करतील, नाही माहीत. बंद झाले तं शाळा सुटल्यावर बसू, पोट्टे तं म्हणून राहिले का आम्ही थांबू. सुखी राहो बापा सगळे. गणित चुकेल तं चुको, फक्त ते वाचणारं कोणी भेटो.