बाकांचा दर आणि उघडं दार

नाही, पण यात माझा काय दोष? तुम्हीच सांगा! नगरपालिकेतला साधा कारकून मी. वरून हुकूम आला, यापुढे प्रत्येक खर्चाचा कागद बाहेरच्या फलकावर लावायचा. मी हाताला आला तो लावला... तो निघाला बागेतल्या बाकांचा. एक बाक एकेचाळीस हजार! आणि कंत्राटदार कोण? माझा साडू! आता मला काय स्वप्न पडलं होतं? मी फक्त कागद चिकटवला!

तुम्हाला सांगतो, तासाभरात फलकापुढे ही गर्दी. सगळ्यांत पुढे एक निवृत्त मास्तरीणबाई, हातात वही. मला खिडकीशी बोलावून अगदी शांतपणे विचारतात, "हा बाक पाय चेपून देतो का हो?" पुढच्या खेपेला तोच बाक साडूने मुकाट्याने नऊ हजारांत दिला. शहर खूश, मी तर हवेतच! घरी गेलो तर बायको दारात. तिच्या ताईचा, म्हणजे साडूच्या बायकोचा, फोन येऊन गेलेला, म्हणे भावजींना नात्यातली माणसं दिसत नाहीत का? अगं, मी फक्त कागद चिकटवला!

बरं, मास्तरीणबाईंना चढला हुरूप. म्हणाल्या, आता सभाही लोकांसमोर घ्या, बंद दाराआड काय शिजतं ते कळू दे. अर्ज केले, सह्या जमवल्या, दार उघडलं. 'सभा सर्वांस खुली' हा कागदही मीच लावला, काय आनंद झाला म्हणता! सभेच्या दिवशी बघतो तर... सर्व म्हणजे कोण? लोक आपापल्या कामावर, आणि पहिल्या तिन्ही रांगांत कंत्राटदार! मधोमध साडू. पूर्वी कसं, सभासद आत विरोधात हात वर करायचे आणि बाहेर येऊन साडूला सांगायचे, तुझ्यासाठी फार भांडलो रे. आता ती सोय राहिली का? साडू एकेका हाताकडे टक लावून बघतोय, नावं टिपतोय, आणि त्याच्या बाजूने हात कसे... भराभर वर!

बाई बिचाऱ्या दाराशी उभ्या, बसायला जागाच नाही. तेवढ्यात ठराव आला, जनतेच्या सोयीसाठी शंभर खुर्च्या. एकमताने मंजूर, कंत्राट साडूला. मी कागद घेऊन फलकाकडे निघालो. बाईंनी थांबवलं, चष्मा सावरून शेवटपर्यंत वाचलं, या पायावरचा भार त्या पायावर घेतला आणि म्हणाल्या, "दर बाजाराच्या दुप्पट आहे हो... पण बसायला तरी मिळेल. चिकटवा."